तालुक्याच्या गावात कलासंस्था असल्याने खरंच काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव तालुक्याचं, गाणारे-वाजवणारे, चित्रं काढणारे आणि नाटकाची आवड असणारे मिळून दहा-पंधरा जण, पण जो तो आपापल्या घरी. अशा ठिकाणी संस्था काढून काही साधतं का, की एक फलक, एक कार्यकारिणी आणि वर्षाला एक सत्कार एवढ्यावरच ते थांबतं? आणि कोल्हापूरच्या कुणीतरी उत्तर द्यावं असंही तुम्ही लिहिलंय, कारण ‘तिकडं कलेचं वातावरणच आहे’.

फरक पडतो, आणि फार पडतो. मी इथल्या एका छोट्या हौशी नाट्यसंस्थेचं काम बरीच वर्षं करतोय. पण आधी त्या वातावरणाबद्दल बोलू, कारण ते आपोआप येतं असं समजून बाहेरगावचे लोक निराश होतात.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात आणि सगळं श्रेय राजाश्रयाला देऊन मोकळे होतात. ते श्रेय खरंच आहे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून इथं आणलं, पॅलेस थिएटर बांधलं, चित्रकारांना सांभाळलं. पण 1922 साली महाराज गेले. आबालाल रहिमानांसारखा चित्रकार दरबाराच्या आधारावर होता. महाराज गेल्यावर त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावाच्या पाण्यात सोडली, असं इथं जुनी माणसं सांगत आली आहेत. खाँसाहेब मुंबईला गेले. 1929 मध्ये इथं सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली. एका माणसाच्या किंवा एका कंपनीच्या भरवशावर उभी असलेली कला त्यांच्याबरोबरच निघून जाते. मागं उरलेल्यांनी काय करायचं?

त्यांना धरून ठेवलं ते संस्थांनी. गायन समाज देवल क्लब 1883 सालचा आहे, म्हणजे शाहू महाराज गादीवर आले त्याच्याही अकरा वर्षं आधीचा. दरबार गेला, संस्थान विलीन झालं, सिनेमावाले पुण्या-मुंबईला गेले, तरी तिथं गाणं शिकवलं जातंय आणि ऐकलंही जातंय. यातलं ‘ऐकलंही जातंय’ मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गोविंदराव टेंब्यांचं उदाहरण घ्या. पहिल्या मराठी बोलपटाला संगीत देणारा हा माणूस पेटी बरीचशी स्वतःची स्वतःच शिकला. पण खरं गाणं काय असतं याची ओळख त्यांना देवल क्लबात झाली, आणि ते ऋण त्यांनी मानलं. आज त्याच क्लबाच्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे. तुमच्या गावात एखादा मुलगा मोबाईलवर बघून उत्तम तबला वाजवायला शिकेलही. पण समोर बसून कुणी गातंय, आपल्या शेजारचा माणूस समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवतोय, आणि आपल्याला मात्र सम कळलीच नाही, हा अनुभव त्याला घरात कसा मिळणार?

आता आमच्या नाटकाकडे येतो, कारण तेच मला सगळ्यात जवळून माहीत आहे.

हौशी नाटकाला सगळ्यात आधी काय लागतं? बाहेरच्या माणसाला वाटतं संहिता, नाहीतर पैसे. खरं तर तालमीची जागा लागते. आमच्या संस्थेतली माणसं दिवसा बँकेत, शाळेत, शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असतात. साडेसातला जमायचं, दहाला निघायचं. कुणाच्या दिवाणखान्यात दोन दिवस तालीम होते, तिसऱ्या दिवशी घरात पाहुणे येतात. संस्थेकडे एका शाळेच्या हॉलची किल्ली आहे, आणि आमचं निम्मं नाटक त्या किल्लीवर चालतं असं मी नेहमी म्हणतो. गेल्यावर बाकं भिंतीकडे सरकवायची, खडूनं जमिनीवर रंगमंचाची चौकट आखायची, दार कुठं, खिडकी कुठं, विंग कुठं ते लिहायचं. जाताना ओल्या फडक्यानं सगळं पुसायचं आणि बाकं होती तशी लावायची. हे पुसणं ज्या संस्थेनं मनापासून पाळलं, तिला पुढच्या वर्षीही किल्ली मिळते.

दुसरी गोष्ट मुलींची. छोट्या गावात नाटकाला बायका मिळत नाहीत असं लोक म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. मुलींना काम करायचं असतं, घरच्यांना काळजी असते, आणि रात्री दहाला मुलगी कशी परत येणार ही काळजी रास्तच आहे. एकटा दिग्दर्शक घरी जाऊन ‘मुलीला पाठवा’ म्हणाला तर कुणीही नाहीच म्हणेल. संस्थेत मात्र आधीपासून काम करणाऱ्या वहिनी असतात, काकू असतात. त्या घरी जातात, चहा घेतात, कोण कुणाला स्कूटरवर सोडणार ते ठरवून येतात. एका मुलीचे वडील सुरुवातीला रोज तालमीला येऊन कोपऱ्यातल्या बाकावर गप्प बसायचे. ते सुतारकाम जाणणारे. सेटचा दरवाजा डुगडुगतोय हे त्यांना बघवेना, एके दिवशी पिशवीतून पटाशी आणि स्क्रू घेऊनच आले. आता त्यांची मुलगी लग्न होऊन परगावी गेली, पण आमचा सेट अजून तेच उभा करतात. संस्था नसती तर ती मुलगी रंगमंचावर आली नसती, आणि हा माणूसही आमच्यात आला नसता.

तिसरं म्हणजे तारीख. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा 1954 पासून होते आणि तिच्या प्राथमिक फेरीचं एक केंद्र कोल्हापूर आहे. त्या एका तारखेभोवती आमचं वर्ष फिरतं. संहितेचं वाचन, प्रवेशिका, संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, लेखकाची परवानगी, नेपथ्याचा टेम्पो, रंगभूषा, प्रकाशयोजनेची भाड्याची सामग्री. यातलं निम्मं काम कागदाचं आहे. जो माणूस शेक्सपिअरच्या किंग लिअरसारखी भूमिका उभी करू शकतो त्याला प्रवेशिकेला कुठला दाखला जोडायचा हे माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नाही. ते संस्थेतल्या कुणीतरी करायचं. प्रत्ययसारख्या इथल्या नाट्यसंस्थेनं डॉ. शरद भुथाडियांबरोबर जे गंभीर काम उभं केलं, त्याचा वचक आणि आधार दोन्ही आमच्यासारख्या लहान संस्थांना असतो. आपल्याच गावातली, नोकरी-व्यवसाय सांभाळणारी माणसं एवढं करतात हे दिसलं की बाकीच्यांची उडी लांब जाते.

जागेची किंमत कोल्हापूरला 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कळली. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 मध्ये सुरू झालेलं पॅलेस थिएटर, म्हणजे 1957 पासूनचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, त्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. नट, प्रकाशयोजनेची माणसं, कपडेपट सांभाळणारे, आयुष्यभर तिकीट काढून नाटक बघितलेले लोक तिथं उभे राहून रडत होते. मीही रडलो. ज्या रंगमंचावर आपण पहिल्यांदा थरथरत उभे राहिलो त्याची राख बघणं मला शब्दांत मांडता येत नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं पुढचं महत्त्वाचं आहे. त्यानंतर नाट्यगृह होतं तसंच पुन्हा उभं राहावं ही मागणी गावातल्या संस्था, तंत्रज्ञ आणि कलाकारांनी एकत्र येऊन लावून धरली. शासनाला निधी जाहीर करावा लागला, पुनर्बांधणी सुरू झाली. एकट्या-दुकट्या नटाचं निवेदन फायलीत पडून राहतं. मागं संस्था असली की त्याच निवेदनाला बैठक मिळते.

चित्रकारांचं थोडं वेगळं आहे. त्यांना एकट्यानं काम करता येतं, म्हणून ते एकटेच राहतात. इथं रंगबहार ही संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. तुम्हाला जमलं तर एकदा नक्की या. झाडाखाली गाणं चाललेलं असतं, आणि बागेत ठिकठिकाणी कुणी जलरंगात निसर्गचित्र करतंय, कुणी व्यक्तिचित्र, कुणी शाडूत शिल्प. शिल्पकाराभोवती सगळ्यात जास्त गर्दी. समोर मॉडेल बसलेलं, लाकडी पाटावर नुसता मातीचा गोळा. आधी बोटांनी कवटीचा आकार येतो, मग डोळ्यांच्या खोबणी दाबल्या जातात, नाकाला मातीची एक वळी लावली जाते. तासाभरानं गर्दीतलं एखादं पोर म्हणतं, ‘आलं की तोंड!’ चित्र पूर्ण झालेलं चौकटीत बघणं आणि ते होताना बघणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलाला इथं कळतं की मोठा चित्रकारसुद्धा रेघ पुसतो, मागं सरकून डोळे बारीक करून बघतो आणि पुन्हा काढतो.

आणि गाणं, चित्र, नाटक एकत्र असण्याचा फायदा कोल्हापूरनं फार आधी बघितलाय. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. चित्रकार नाटकात गेला, नाटकातून कॅमेऱ्याकडे गेला, आणि इथंच स्वदेशी कॅमेरा तयार झाला. तुमच्याकडे पंधरा जण तीन कलांचे आहेत ना, मग तीन संस्था काढू नका. एकच काढा. चित्रकाराला नेपथ्य करू द्या, गाणाऱ्याला नाटकाचं संगीत करू द्या.

पैशाचं आता सांगतो. सभासदांची वर्गणी फार थोडी जमते. आमचा मोठा आधार म्हणजे स्मरणिकेतल्या जाहिराती. गुजरीतले सराफ, लक्ष्मीपुरीतले व्यापारी, एखादी पतसंस्था. त्यांच्याकडे वर्षातून एकदा जाहिरातीसाठीच गेलात तर दुसऱ्या वर्षी ते टाळतात. प्रयोगाला बोलवा, पुढच्या रांगेत बसवा, प्रयोगानंतर विंगेत आणून कलाकारांशी ओळख करून द्या. कार्यक्रमाला थोडं का होईना तिकीट ठेवा, आणि कलाकाराला मानधन द्या, रक्कम लहान असली तरी चालेल, पण पाकीट वेळेवर हातात पडलं पाहिजे. शाल-श्रीफळावर कलाकाराचं घर चालत नाही. माझं स्पष्ट मत आहे की सत्कारावर खर्च करणाऱ्या संस्थेनं त्या पैशातून आधी एक चांगला तंबोरा घ्यावा. आमच्या जवळ मिरज आहे, तिथल्या तंतुवाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. नवशिक्या विद्यार्थ्याला स्वतःचा तंबोरा परवडत नाही. संस्थेत एक जोडी असली आणि तिची जवारी वेळच्या वेळी काढून घेतली, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद नीट करून घेतला, तर पुढची कितीतरी वर्षं मुलं त्यावर गातील.

नोंदणी लगेच करू नका. कायद्यानं किमान सात माणसं लागतात. 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखालची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. एकदा नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब तपासून घेणं आलं, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज देणं आलं. ही कामं करणारा, नीट वह्या ठेवणारा एक माणूस तुमच्यात आहे का ते आधी बघा. कलाकार नसला तरी चालेल. निवृत्त कारकून किंवा शिक्षक असेल तर सोन्याहून पिवळं. पुष्कळ चांगल्या संस्था कलाकारांच्या भांडणापेक्षा न भरलेल्या कागदांमुळे बंद पडल्या आहेत. देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून द्यायची असेल तर नोंदणीला पर्याय नाही, पण तो टप्पा पुढचा.

पहिलं वर्ष असं करा. गावातल्या शाळेचा नाहीतर वाचनालयाचा हॉल महिन्याचा एक ठरलेला वार मागून घ्या, समजा दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा. पाऊस असो, लग्नसराई असो, तो शनिवार चुकवू नका. एका महिन्यात गाणं, पुढच्या महिन्यात नाट्यवाचन, त्याच्या पुढच्या महिन्यात कुणाचं तरी चित्र काढणं सगळ्यांनी बसून बघायचं. पहिल्यांदा आठच माणसं येतील, त्यातली चार घरचीच असतील. तरी वेळेवर सुरू करा. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलात की वेळेवर येणारा पुढच्या खेपेला येत नाही. जमलं तर जवळच्या शहरातल्या एखाद्या संस्थेला वर्षातून एकदा बोलवा. आमच्यासारख्यांना नुसता जाण्या-येण्याचा खर्च आणि रात्रीचं जेवण मिळालं तरी आम्ही आनंदानं येतो. तुमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं किंवा सीमेच्या आसपासचं असेल तर खाली कळवा, वाचनाचा एक प्रयोग घेऊन येण्याचं मी आमच्या माणसांशी बोलतो.