‘या आठवड्यात कुठे काय’ लिहायला घेताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शहरातल्या मैफली आणि इतर कार्यक्रमांचं साप्ताहिक सदर आता तू बघणार, हे वाचून फार आनंद झाला. पत्रातली एक ओळ मात्र खटकली. ‘खरं लिखाण मिळेपर्यंत हे करते,’ असं तू म्हणतेस. त्या ओळीपायीच हे लांबलचक उत्तर लिहितेय.

१६७२ सालच्या डिसेंबरअखेरीस ‘लंडन गॅझेट’मध्ये एक छोटीशी जाहिरात आली होती. जॉन बॅनिस्टर या व्हायोलिनवादकाच्या घरी रोज दुपारी बरोब्बर चार वाजता संगीत होईल, घर जॉर्ज टॅव्हर्न या मद्यालयाच्या समोर आहे, एवढाच मजकूर. पैसे देऊन कुणीही येऊन ऐकावं अशा सार्वजनिक मैफलींचा इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा याच जाहिरातीपासून सुरुवात करतात. त्याआधी उत्तम संगीत ऐकायचं तर राजदरबारी, चर्चमध्ये नाहीतर कुणा बड्या घरी ऊठबस असावी लागे. बॅनिस्टरच्या जाहिरातीनं ती ओळखीपाळखीची अट काढून टाकली. कोण वाजवणार, कुठे, किती वाजता आणि घर सापडायची खूण, या चार गोष्टी मिळाल्यावर अनोळखी माणसाला वशिला लागेना. तुझं सदर या घराण्यातलं आहे. परीक्षण वाचणारा वाचक खुर्चीत बसलेला असतो. तुझा वाचक वाचून उठतो, कपडे बदलतो, बस पकडतो. तुझ्या एका ओळीवर विसंबून तो अख्खी संध्याकाळ घालवणार असतो. यापेक्षा खरं लिखाण कुठलं ते मला माहीत नाही.

म्हणून सगळ्यात आधी खातरजमा. आयोजकांकडून आलेला मजकूर जसाच्या तसा उचलू नकोस. वार आणि तारीख एकमेकांशी जुळतात का, हे कॅलेंडर समोर ठेवून बघ. गेल्या वर्षीच्या पत्रकात फक्त तारीख बदलून वार तसाच राहिल्याचं तुला वारंवार दिसेल. अशा वेळी दोन्हींतलं कुठलं खरं, याचा अंदाज बांधायचा नाही. फोन करायचा. फोन आयोजकाला कर आणि सभागृहालाही कर. कार्यक्रम रद्द झाला की आयोजक धावपळीत असतो, कळवायचं राहून जातं. सभागृहाच्या कार्यालयातल्या माणसाला मात्र त्या संध्याकाळी आपला हॉल रिकामा आहे हे पक्कं ठाऊक असतं. एकाच नावाची दोन सभागृहं शहराच्या दोन टोकांना असतात. एकाच इमारतीत मोठं आणि छोटं अशी दोन रंगमंदिरंही असतात. मागच्या रस्त्यावरून प्रवेश असेल तर तसं स्पष्ट लिही.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. दारं उघडण्याची वेळ वेगळी, कार्यक्रम सुरू होण्याची वेगळी आणि ज्यांच्यासाठी लोक येतात ते कलाकार मंचावर येण्याची तिसरीच. बँडच्या कार्यक्रमात आधी एखादा नवा गट वाजवतो. शास्त्रीय मैफलीत आधी दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं होतात. आयोजकाला तिन्ही वेळा विचार आणि मिळतील तेवढ्या दे. याशिवाय आणखी एक वेळ आहे, जी जवळपास कुणीच छापत नाही: संपण्याची. एकटी येणारी बाई, लहान मूल घरी ठेवून आलेले आईबाप, शेवटच्या गाडीवर अवलंबून असलेला विद्यार्थी, या सगळ्यांचं येणं न येणं त्या एका आकड्यावर ठरतं. ‘अंदाजे साडेनऊपर्यंत’ एवढं लिहिलंस तरी दहा माणसं जास्त येतील.

‘विनामूल्य’ हा शब्दही तपासून वापर. प्रवेशिका आधी घ्यावी लागत असेल, ती अमुक दिवसापासून अमुक ठिकाणी मिळत असेल, तर नुसतं ‘विनामूल्य’ लिहिणं म्हणजे वाचकाला दारातून परत पाठवणं. बसायला खुर्च्या आहेत, भारतीय बैठक आहे की उभं राहूनच ऐकायचंय? गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही माहिती कलाकाराच्या नावाइतकीच लागते. पायऱ्या किती, लिफ्ट चालू आहे का, चाकाची खुर्ची आत जाते का, हेही विचार. पहिल्या खेपेला आयोजक गोंधळतील. तू दर आठवड्याला विचारत राहिलीस की ते आधीच उत्तर तयार ठेवू लागतील, आणि पुढे कधीतरी उतारही बांधून घेतील. सदर लिहिणाऱ्याच्या हाती एवढी ताकद असते.

नावांविषयी माझा हट्ट आहे, तो तूही चालव. साथसंगत करणाऱ्यांची नावं सोडायची नाहीत. तबला, हार्मोनियम, सारंगी, बासगिटार, ड्रम्स, जे असेल ते, वादकाच्या पूर्ण नावासकट. जागा कमी पडली तर माझी विशेषणं काप, असं मी संपादकांना सांगत आले. ‘दिग्गज’, ‘सुप्रसिद्ध’, ‘मंत्रमुग्ध करणारी’ हे शब्द गेल्यावर तबलजीचं नाव आरामात बसतं. आणि वाचकाला त्यातून काहीतरी कळतंही. कुणाच्या साथीला कोण बसणार आहे, यावर जाणकार श्रोता मैफलीचा रंग ओळखतो. ध्वनिसंयोजन करणाऱ्याचं नाव मिळालं तर तेही दे. चांगल्या आवाजाचं श्रेय त्यांना कधीच मिळत नाही.

आता निवड. आठवड्यात जेवढं घडतं तेवढं सगळं तुझ्या जागेत मावणार नाही. मोठ्या नावांचे कार्यक्रम तुझ्यावाचून भरतात, त्यांची फलकबाजी चौकाचौकांत असते. त्यांना एक ओळ पुरे. तुझे चार शब्द खर्च कर ते वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होणाऱ्या बासरीवादनावर, महाविद्यालयाच्या वार्षिक गायनावर, चर्चमधल्या समूहगायनावर, नवख्यांना मंच देणाऱ्या संध्याकाळीवर. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत बारा माणसं बसली आहेत की तीस, याचा गाणाऱ्यावर फार मोठा परिणाम होतो. त्या जास्तीच्या अठरांपैकी काहींना तिथवर आणणं तुला जमेल, असं मी मनापासून मानते.

सोमवार-मंगळवार रिकामे सोडू नकोस. शनिवार-रविवारी सगळे वादक कुठे ना कुठे कामावर असतात. आठवड्याच्या सुरुवातीला ते मोकळे असतात, आणि मोकळे असले की एकमेकांबरोबर, स्वतःच्या आवडीचं वाजवतात. न्यूयॉर्कमधलं व्हिलेज व्हॅनगार्ड हा १९३५ साली सुरू झालेला, छोट्याशा तळघरातला जॅझ क्लब. तिथे १९६६ च्या फेब्रुवारीत थॅड जोन्स आणि मेल लुईस या जॅझवादकांनी दर सोमवारी आपला मोठा वाद्यवृंद वाजवायला सुरुवात केली. सोमवार निवडला कारण इतर ठिकाणी कामं करणारे उत्तमोत्तम वादक त्या रात्री मोकळे असायचे. दोघंही गेले, वाद्यवृंदाचं नाव बदललं, पण सोमवारचा पायंडा चालूच राहिला. तुझ्या शहरातही अशी एखादी सोमवारची बैठक असणार. पत्रकं काढणाऱ्या आयोजकांना तिचा पत्ता नसतो, वादकांना असतो. त्यांनाच विचार.

तसंच सकाळचं. आपल्याकडे रागांना प्रहर आहेत, आणि कार्यक्रम मात्र बहुतेक संध्याकाळी. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्र-रात्र चालायचा, उजाडताना भैरव, ललत कानी पडायचे. ध्वनिक्षेपकांना रात्री वेळेची मर्यादा आली आणि बहुतेक सत्रं दुपार-संध्याकाळची झाली. त्यामुळे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेला प्रत्यक्ष ऐकायला मिळणं दुर्मिळ झालंय. म्हणून कुणी पहाटेची मैफल ठेवली असेल तर ती यादीत वर घे, आणि ती का वेगळी आहे हे एका वाक्यात सांग. अशा एका वाक्यासाठी वाचक सदर जपून ठेवतो.

हे सगळं टेबलाशी बसून जमणार नाही. जाऊन ऐकावं लागेल, आणि एकाच सभागृहात वेगवेगळ्या जागी बसून ऐकावं लागेल. वॉलेस सॅबीन या भौतिकशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात गाद्या आणून, काढून, पुन्हा ठेवून घुमणारा आवाज किती सेकंदांत विरतो हे मोजलं. त्याच्या सूत्रांचा आधार घेऊन बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो. त्याच्या मोजमापांतून आणखी एक गोष्ट निघाली: माणसांची अंगं आणि कपडे आवाज शोषतात. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये आवाजाची चाचणी घेताना जे ऐकू येतं, ते रात्री भरल्या हॉलमध्ये येत नाही. म्हणून तुझं मत रिकाम्या हॉलवर बेतू नकोस. बाल्कनीखाली शब्द गिळले जातात का, मागच्या रांगेत तंबोरा पोचतो का, हे लक्षात ठेव. कोणत्या सभागृहात कुठे बसावं, हे वर्षभरात तुला तोंडपाठ होईल, आणि मग अधूनमधून ते सदरात सांगत जा.

कानांची काळजी घे. हे आईसारखं बजावते आहे, चालवून घे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जे मानक दिलं त्यात सरासरी आवाजाची वरची मर्यादा १०० डेसिबल आहे, तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीवर मोजलेली. कामाच्या जागी ८५ डेसिबलमध्ये आठ तास सुरक्षित मानतात. तिथून दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. हिशेब करून बघ: १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. मोठ्या भोंग्यांजवळ बसू नकोस, कानात घालायचे बोळे पर्समध्ये ठेव. कार्यक्रम फार मोठ्या आवाजाचा असणार हे माहीत असेल तर लहान मुलांना आणणाऱ्या पालकांसाठी तशी सूचना छाप. कार्यक्रमानंतर कानात वाजत राहिलं तर दुसऱ्या दिवशी विश्रांती घे, दुसरी मैफल गाठायची नाही.

संगीताव्यतिरिक्त जे असतं, व्याख्यानं, चित्रप्रदर्शनं, कवितावाचन, फिल्म सोसायटीचे खेळ, जुन्या पुस्तकांची विक्री, वारसाफेऱ्या, त्यांना वरचेच नियम लागू आहेत. फक्त प्रदर्शनांचा शेवटचा दिवस ठळक दे. ‘बघू कधीतरी’ म्हणणारे लोक शेवटच्या दिवशीच जातात.

आयोजक पास देतील. कामासाठी एक पास घ्यायला हरकत नाही, घरच्यांसाठी मागू नकोस आणि भेटवस्तू परत पाठव. मित्रमैत्रिणींचा बँड असेल तर त्याची दखल सहकाऱ्याकडून लिहून घे. चूक छापली गेली तर पुढच्या अंकात त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती दे.

आणि सगळी सदरं वर्षवार लावून ठेव. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या सभागृहाला १८९१ पासूनच्या आपल्या कार्यक्रमांची नोंद शोधून काढता येते, कारण त्यांच्याकडे ती जपायला माणसं आहेत. वाचनालयाच्या वरच्या मजल्याला अशी माणसं नसतात. तिथे कुणी, कुणाच्या साथीनं, कोणत्या संध्याकाळी गायलं, याचा कागदावरचा एकमेव पुरावा पुष्कळदा तुझी ती दोन ओळींची नोंद असेल. उद्या एखादी गायिका नावारूपाला आली तर तिचा पहिला जाहीर कार्यक्रम शोधणारा अभ्यासक तुझ्याच फायलींकडे येईल. त्या दिवशी तबलजीचं नावही तिथे सापडायला हवं.

पहिलं सदर कधी द्यायचंय ते कळव. छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी फोन कर, आपण दोघी सगळ्या नोंदी मोठ्यानं वाचू. वार आणि तारखा मी बघेन, सभागृहांचे फोन तू करून ठेव. सोमवारी काय सापडलं तेही त्याच वेळी सांग.

तुझी,
मावशी