पट्टीतला दुसरा थर

चार चौकटींची व्यंगचित्र-पट्टी (कॉमिक स्ट्रिप) काढलीत की आधी शब्द झाकून पाहा. कोण चिडलं, कोण आपटलं हे लहान मुलाला नुसत्या चित्रांवरून कळायला हवं. मोठ्यांसाठीचा थर बरेचदा तिसऱ्या चौकटीतल्या गप्प चेहऱ्यात असतो. नवखे तिथेही संवादाचा फुगा कोंबतात आणि चौथीतला विनोद आधीच फुटतो. फुग्यात पंधरा शब्द खूप झाले. छपाईत अक्षरं बारीक होतात.

१९८५ ते १९९५ चाललेल्या 'कॅल्विन अँड हॉब्ज' या मुलगा आणि वाघाच्या अमेरिकी पट्टीतली नावं एका धर्मचिंतकाची आणि एका तत्त्वज्ञाची. हे ठाऊक नसलेलं पोरही त्या वाघाला हसतंच! तुमच्या पट्टीतला संदर्भ वगळून बघा. गंमत उरत नसेल तर प्रसंगच बदला. आणि तात्पर्य पात्राच्या तोंडी घालू नका.