पुढारी सुशेगाद असला तर?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: मुख्याध्यापकांच्या मेळाव्यात बोलायचे आहे. ‘चांगल्या नेत्याने कॉम्प्लेसन्ट होऊ नये, सतत वाढत राहावे’ हे मराठीत नेटके कसे मांडावे? मी ‘नेत्याने सुशेगाद राहू नये’ असे लिहिले आहे, ते चालेल का?

बाई, तेवढा शब्द बदला. ‘सुशेगाद’ आपल्याकडे पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून आला. अर्थ शांत, निवांत, जिवाला घोर नसलेला. आळसाची छटा त्याला नंतर चिकटली, आणि ‘सुस्त’शी कानाला जवळीक असल्यामुळे ती पटकन रुळली असावी, असे मला वाटते. दुपारी जेवून दार ओढून घेणारा माणूस सुशेगाद असतो, पण त्याचे काम पडून राहिलेले असतेच असे नाही.

हे मी माझ्या काकांकडे बघून सांगतो. मांडवीकाठी आमचे खाजन, म्हणजे खाडीलगतची भातशेती. बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांचे काका बरीच वर्षे प्रमुख होते. दुपारची झोप त्यांनी कधी चुकवली नाही. पण पुनवेची, अवसेची मोठी भरती येऊन गेली आणि पाणी ओसरले, की काठी घेऊन बांधावर हजर. खाजनाची जमीन भरतीच्या पातळीखाली असते. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी झडप. मानशीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. सगळे आपसूक चालते, म्हणूनच माणूस निर्धास्त होतो. काका वाकून कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळे शोधत. काठी बिळात घालायची, किती आत जाते ते बघायचे, मग चिखलाचा गोळा कोंबून टाचेने दाबायचा. वरून बघाल तर बांध धडधाकट, हिरवागार. खारे पाणी झिरपते ते असल्या बिळांतून.

काकांनंतर बांधाकडे कुणी फिरकले नाही. ‘इतकी वर्षे टिकलाय की!’ एवढेच सगळे म्हणत राहिलो, मीसुद्धा. एका पावसाळ्यात तो फुटला. खारे पाणी चढलेल्या त्या शेतात पुढे काही वर्षे भात धड आले नाही.

‘इतकी वर्षे टिकलाय की!’ या बोलण्यामागे जी वृत्ती आहे, तिच्यासाठीच तुम्हाला शब्द हवा आहे. बोलीत तो तयार आहे: गाफील. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला, मराठीत पुरता मुरलेला. आपण बहुधा ‘गाफील राहणे’ म्हणतो, कारण ही अवस्था नकळत येते आणि तशीच चालू राहते. मात्र गाफीलपणात धोक्याकडचे दुर्लक्ष येते, खुंटलेली वाढ येत नाही. त्यासाठी ‘अल्पसंतुष्ट’ आणि ‘आत्मसंतुष्ट’ असे दोन शब्द आहेत, आणि त्यांत फरक आहे. अल्पसंतुष्ट माणसाला थोडके पुरते. आत्मसंतुष्ट माणसाला स्वतःचे सगळेच पुरेसे वाटते. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून नववीतल्या मुलाला एक पान मोठ्याने वाचता येते का, हे ज्यांना बघावेसे वाटत नाही, ते मुख्याध्यापक आत्मसंतुष्ट. ‘कॉम्प्लेसन्ट’ला हाच शब्द सर्वांत जवळचा.

मग नेता ‘असंतुष्ट असावा’ म्हणावे का? अर्थाने अगदी बरोबर. असंतुष्ट द्विज आणि संतुष्ट राजा दोघेही नाश पावतात, असे एक जुने संस्कृत सुभाषितच आहे. ज्याच्यावर इतरांचा भार आहे त्याला संतोष परवडत नाही, हा त्याचा रोख. मराठीत तर असंतोषाला मानाचे पान मिळालेले आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली लोकमान्यांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले ते दूषण म्हणून. टिळकांनी लंडनमध्ये त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, १९१९ मध्ये तो हरलेही. पण मराठी माणसाने ती पदवी आजवर अभिमानाने मिरवली. तरीही भाषणात ‘असंतुष्ट’ टाळा. आजच्या राजकीय बातम्यांनी ‘असंतुष्ट गट’ म्हणजे पद न मिळालेले लोक, असा अर्थ पक्का करून टाकला आहे आणि ऐकणाऱ्याला आधी तोच आठवेल.

राहिले ‘वाढत राहावे’. पुढारी वाढला म्हटले की मराठी कानाला त्याचे प्रस्थ वाढल्यासारखे वाटते. ‘शिकत राहावे’ म्हणा. ‘मुख्याध्यापकाने सुशेगाद खुशाल असावे, आत्मसंतुष्ट होऊ नये, शिकत राहावे’, एवढे वाक्य पुरे.

काकांनी सत्तरी ओलांडली होती, तेव्हा गावात आलेल्या एका कृषी पदवीधर मुलीने त्यांना पाण्याचा खारेपणा यंत्राने कसा मोजतात ते दाखवले. घरी येऊन हातपाय धुण्याआधी काकीला म्हणाले, ‘‘हें म्हाका खबर नाशिल्लें.’’ (हे मला ठाऊक नव्हते.)