एलिओ किंवा अप्टेरासारख्या तीनचाकी गाड्यांवर कुणी शंका घेतली की त्यांचे चाहते एवढे का खवळतात? त्या ॲव्हरेजच्या दाव्यांत काही दम आहे का?

ॲव्हरेजच्या दाव्यांत दम आहे. गाडी ठरल्या भावात, ठरल्या साली तुमच्या दारात उभी राहील या दाव्यात फारच कमी. चाहते भांडतात ते बहुतेक वेळा पहिल्या दाव्यावर, आणि समोरच्याने शंका काढलेली असते दुसऱ्यावर. निम्मा वाद तिथेच होतो.

मी प्रेस टूलच्या धंद्यात आहे, पत्र्याला आकार देणाऱ्या डाय बनवतो. या गाड्यांबद्दलची भांडणं बरीच वर्षं कडेला बसून वाचत आलोय. मनाने मी चाहत्यांच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एलिओ मोटर्स ही अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सची कंपनी, पॉल एलिओ यांनी २००९ साली काढलेली. पुढे दोन चाकं, मागे एक, एकामागे एक बसणारी दोन माणसं, ०.९ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, किंमत ६,८०० डॉलर आणि हायवेवर गॅलनला ८४ मैल, म्हणजे लिटरला साधारण ३६ किलोमीटर. अप्टेरा कॅलिफोर्नियातली. तिचा पहिला अवतार २०११ च्या डिसेंबरात बंद पडला. २०१९ मध्ये स्टीव्ह फँब्रो आणि ख्रिस अँथनी या मूळ संस्थापकांनीच ती पुन्हा उभी केली, आता अंगावर सौर पट्ट्या लावलेली विजेची गाडी म्हणून.

आधी ॲव्हरेजचं बघू, कारण इथे चाहत्यांची बाजू खरोखर भक्कम आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हायवेवर ताकद जाते ती मुख्यतः हवा कापण्यात. नेहमीच्या मोटारीचा ड्रॅग गुणांक (तिचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) ०.३ आणि समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर धरा. ताशी १०० किलोमीटरला नुसत्या हवेसाठी साडेआठ किलोवॅट लागतात. अप्टेरा आपला गुणांक ०.१३ सांगते. क्षेत्रफळ मी अंदाजाने १.७ घेतलं, तर हाच आकडा तीन किलोवॅटच्या आत येतो. गाडी टनभर वजनाची मानून टायरच्या घर्षणाचे दोनेक किलोवॅट मिळवा. झाले पाच. तासाभरात १०० किलोमीटर, म्हणजे चाकांपाशी पाच युनिट, आणि मोटर-कंट्रोलरमधला तोटा धरून सहा. कंपनी म्हणते मैलाला १०० वॅट-तास, म्हणजे १०० किलोमीटरला सव्वासहा युनिट. हिशेब जुळला. यात जादू नाही आणि थापही नाही.

सौर पट्ट्यांचं तसं नाही. त्या सुमारे ७०० वॅटच्या, आणि दावा दिवसाला ४० मैलांचा. ४० मैलांना चार युनिट लागतात. ७०० वॅट गुणिले सहा तासांचं कडक ऊन, ४.२ युनिट. म्हणजे सगळ्या पट्ट्या दिवसभर सूर्याकडे तोंड करून बसल्या तरच. गाडीचं अंग गोलाकार आहे, एक बाजू उन्हात तर दुसरी तिरपी. ४० हा चांगल्यात चांगल्या दिवसाचा आकडा झाला. चाहते तो रोजचा म्हणून सांगतात, आणि टीकाकार 'सूर्यावर कधी गाडी चालते का' म्हणत त्याचा शून्य करतात. खरं उत्तर अधेमधे कुठेतरी आहे आणि ते सांगण्यात कुणालाच रस नसतो.

टीकाकारही चुकीच्या जागी वार करतात, हे तितकंच खरं. 'तीन चाकं म्हणजे वळणावर उलटणार' हा सगळ्यात आवडता आक्षेप. ब्रिटनमधल्या रिलायंट रॉबिनला पुढे एक चाक होतं, ते प्रकरण खरंच डळमळीत. वळताना ब्रेक मारला की भार पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर येतो, आणि तिथे टेकायला चाकच नाही. एलिओ आणि अप्टेराला पुढे दोन चाकं आहेत, त्यामुळे भार जिथे येतो तिथे आधार आहे. वजन खाली आणि पुढे ठेवलं तर अशी गाडी सहज उलटत नाही. असला आक्षेप मिळाला की चाहत्याला चेव येतो. तो आकृती काढून समोरच्याला गप्प करतो आणि त्याला वाटतं आपण अख्खा वाद जिंकला.

अपघाताच्या सुरक्षेचा आक्षेप मात्र त्याला जड जातो. अमेरिकेच्या संघीय नियमांत तीन चाकांची गाडी मोटारसायकलमध्ये मोडते, आणि मोटारींना लागू असलेले धडकेचे नियम तिला लागू होत नाहीत. कंपन्या म्हणतात, आम्ही तरीही ते निकष पाळू. म्हणतात ते खरं करतीलही. पण ती त्यांची इच्छा झाली, कायद्याची सक्ती नाही, आणि हा फरक चाहते पटकन गिळून टाकतात.

आता माझ्या धंद्याकडे येतो. प्रोटोटाइप चालतो म्हणजे गाडी तयार आहे, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रोटोटाइपचं दार चार माणसं आठवडाभर घासून-ठोकून बसवू शकतात. फट जास्त दिसली तर बिजागरीखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घाला, काम झालं. कारखान्यात तेच दार मिनिटा-दोन मिनिटांनी एक निघायला हवं, आणि हजारावं दार पहिल्यासारखंच बसायला हवं. दाराच्या एका बाहेरच्या पत्र्याला ड्रॉ (खोल आकार देणं), ट्रिम (कडा कापणं), पिअर्स (भोकं पाडणं), फ्लँज (कडा वाकवणं) असे तीन-चार टप्पे, प्रत्येक टप्प्याची वेगळी डाय. पत्रा दाबातून सुटला की थोडा परत उघडतो, त्याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणतो. तो मारायला डाय पुन्हा पुन्हा घासावी लागते, ट्रायल घ्यावी लागते, परत घासावी लागते. हे सगळं पहिली गाडी विकण्याच्या आधी, रोख पैसे मोजून. कंपोझिटच्या, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून केलेल्या, बॉडीत पत्र्याच्या डाय नसतात, पण साचे असतात. अप्टेराने अंगाचे भाग मोजके ठेवले आणि ते इटलीतल्या मोदेना इथल्या सीपीसी या कंपनीकडून करून घ्यायचं ठरवलं, हा मला त्यांच्या आराखड्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. चाहते त्याबद्दल मात्र फारसं बोलत नाहीत, ते ड्रॅग गुणांकातच रमतात.

एलिओ इथेच अडकली. लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टमध्ये जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना हाताशी होता, साठ हजारांवर लोकांनी गाडीसाठी नाव नोंदवलं होतं. २०१५-१६ मध्ये छोट्या गुंतवणूकदारांकडून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर उभे राहिले. उत्पादनापर्यंत पोचायला लागणार होते २० कोटींहून जास्त, आणि हे कंपनीने स्वतःच्याच कागदपत्रांत लिहिलं होतं. उत्पादनाची तारीख २०१४ वरून पुढे ढकलली, मग आणखी पुढे, आणि ग्राहकाच्या हाती एकही गाडी पडली नाही.

पेट्रोलनेही दगा दिला. वर्षाला १२,००० मैल धरा. गॅलनला २५ मैलांचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला ४८० गॅलन लागतात, ८४ वालीला १४३. गॅलन साडेतीन डॉलरच्या वर होता तेव्हा वर्षाला हजार-बाराशे डॉलर वाचणार होते. २०१६ मध्ये तो दोन डॉलरच्या आसपास आला आणि बचतही त्याच प्रमाणात आटली. शिवाय ५० चं ॲव्हरेज देणारी, पाच माणसं बसणारी प्रियस हायब्रिड बाजारात होतीच. तिला २४० गॅलन लागतात. तिच्यापुढे एलिओची बचत उरते वर्षाला शंभरेक गॅलनची, आणि त्यासाठी घरात आणखी एक गाडी, तिचा विमा, तिची नोंदणी. टीकाकारांचा सगळ्यात चांगला मुद्दा हाच होता. दुर्दैवाने त्यांनी तो फार कमी वेळा मांडला.

मग चाहते एवढे का खवळतात? एक कारण सरळ पैशाचं आहे. एलिओच्या नोंदणीत १०० ते १,००० डॉलर भरता येत, आणि परत न मिळणारी रक्कम भरली तर रांगेत पुढचा नंबर आणि किमतीत सूट. जुन्या अप्टेराने गाशा गुंडाळण्याआधी ग्राहकांच्या ठेवी परत केल्या होत्या, इथे तो रस्ताच बंद. नव्या अप्टेराचे हजारो चाहते तर तिचे भागधारकच आहेत. अशा माणसाला टीकाकार म्हणजे गिऱ्हाईक पळवणारा वाटतो. लोक घाबरले तर कंपनी बुडेल आणि आपले पैसेही. कंपनीच्या तब्येतीवर ज्याची ठेव अवलंबून, त्याच्याकडून तिच्या तब्येतीचा खरा अहवाल कसा मिळणार?

दुसरं कारण मला जास्त आदराचं वाटतं. जनरल मोटर्सने ईव्ही-१ नावाची ०.१९ गुणांकाची विजेची गाडी भाड्याने दिली, परत घेतली आणि बहुतेक गाड्या चेचून टाकल्या. फोक्सवॅगनने १०० किलोमीटरला एक लिटरच्या आत डिझेल पिणारी एक्सएल-१ काढली ती फक्त २५०, आणि लाख युरोंच्या वर. मोठ्यांना जमत असून ते करत नाहीत, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, तो कुणा लहानाने हात घातला की त्याच्यामागे उभा राहणारच. पण याच रस्त्यावर डेलही होऊन गेली. १९७४ मधली ही तीनचाकी गॅलनला ७० मैलांचं आमिष दाखवून लोकांचे पैसे घेऊन बसली, आणि ते प्रकरण फसवणुकीच्या शिक्षेपर्यंत गेलं. एलिओ किंवा अप्टेराला मी त्या पंगतीत बसवत नाही. टीकाकार मात्र एका दमात बसवतात, आणि मग पुढचं बोलणंच खुंटतं.

या वादात उतरायचंच असेल तर ड्रॅगवर वेळ घालवू नका. साचे आणि डाय कुणाला दिल्या, त्यांचे पैसे चुकते झाले का, हातातला पैसा किती महिने पुरेल, हे विचारा. अमेरिकी पर्यावरण खात्याच्या चाचणीतला आकडा आलाय की अजून कंपनीचाच चालू आहे, हेही. चाहत्याला यातलं काही माहीत असेल तर त्याच्याशी बोलायला मजा येते. परत मिळणारी ठेव असेल तर शंभर डॉलर टाकायला माझी हरकत नाही. परत न मिळणारे हजार मागत असतील तर त्यात जुन्या प्रियसचे चारही टायर बदलून घ्या, वर थोडे उरतील.