लाटेचं छप्पर आणि आईंचा प्रश्न

प्रश्न : ताई, वेंगुर्ले तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आमची साडेचार एकर वडिलोपार्जित जागा आहे. वर सडा म्हणजे कातळाचं पठार, मध्ये काजू-आंब्यांचा उतार, खाली कांदळवन आणि समोर पलीकडे वाळूची पुळण. दादा आणि मी तिथे बारा खोल्यांचं उंची हॉटेल बांधायचं ठरवलंय. डिझायनरनी 'निसर्गातून प्रेरणा' म्हणून आराखडा दिलाय : लाटेच्या आकाराचं काँक्रीटचं छप्पर, शंखासारखं रिसेप्शन, पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच. त्यासाठी उतार सपाट करावा लागेल. दादाला आराखडा फार आवडलाय. आईनं चित्र बघितलं आणि एवढंच विचारलं, "पाऊस खंयसून येता, ता ह्येंका म्हायत आसा?" आता काय करावं?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : पाऊस कुठून येतो, हा आईंचा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाऊस नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तो सरळ पडत नाही, झडीनं आडवा येतो. तुमची काच नेमकी त्याच्याच तोंडावर आहे.

मी हे सोसलंय. तीसेक वर्षांपूर्वी अशाच एका हॉटेलच्या कामावर मी होते. पश्चिमेच्या भिंतीला सरकती काच लावली, मीही हो म्हटलं. पहिल्याच पावसाळ्यात चौकटीच्या खोबणीत रेती आणि मीठ साचून चाकं अडकली. झड आत येऊन गाद्या भिजल्या, आणि जुलैत मालकांनी त्या सगळ्या काचेवर निळी ताडपत्री बांधली. पाऊस सरल्यावर काचेवर मिठाचा पातळ पापुद्रा होता. बोट फिरवलं की रेघ उठायची. समुद्र दिसावा म्हणून लावलेल्या काचेतून समुद्रच दिसत नव्हता.

समुद्र पडवीतून बघायचा असतो. पश्चिमेला आठ-दहा फूट खोल पडवी घ्या, छप्पर उतरतं आणि खाली ओढलेलं, वळचण निदान अडीच फूट बाहेर. पागोळ्या पडतील तिथे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, पन्हळ काढा, म्हणजे पाणी जोत्यावर उडणार नाही. काच हवी तर पडवीच्या आत, सावलीत लावा. खोलीत बसलेल्या माणसाला खाडी तेवढीच दिसेल, आणि दुपारचं ऊनही अंगावर येणार नाही. लाटेच्या छपराला जिथे खोलगट भाग येतो तिथे पाणी तुंबतं आणि पहिली गळती तिथेच लागते. शिवाय खाऱ्या हवेत भेगांतून आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. लाकडी वाशांवर मंगलोरी कौल घाला. फुटलं तर एक कौल बदलता येतं.

उतार सपाट करू नका, यावर मी अडून बसेन. सड्यावरचं पाणी त्या उतारावरून खाडीत जातं. तुम्ही आडवी भिंत घातलीत की ते रिसेप्शनमधून जाईल. श्रीलंकेत दांबुल्लाजवळ कंदलामा तलावाकाठी तिथले वास्तुकार जेफ्री बावा यांनी १९९०च्या दशकात एक हॉटेल बांधलं. डोंगर न कापता त्याच्या कडेकडेनं इमारत वळवत नेली, कातळ आतल्या वाटेत तसाच ठेवला, दर्शनी भागावर वेली चढू दिल्या. दादांना त्याचे फोटो दाखवा. तुमच्याकडे बारा खोल्या म्हणजे उतारावर पाच-सहा जोती, मध्ये चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, कडेला दगडी गडगा. आहेत ती झाडं मोजून आराखड्यात दाखवायला सांगा.

चिरा जवळच्या खाणीतला घ्या. जांभा काढताना मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कठीण होत जातो. मात्र त्यावर तैलरंग किंवा सिमेंटचा गिलावा नको. आतली ओल अडकते आणि थर सुटून पडतो. कठडे, बिजागऱ्या स्टीलच्या असतील तर ३१६ ग्रेडचंच स्टील घ्या. ३०४ खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग धरतं.

कायद्याचं आधी बघा. १८ जानेवारी २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याला समुद्राच्या बाजूनं भरतीरेषेपासून २०० मीटर, आणि दाट वस्तीच्या भागात ५० मीटर, बांधकाम वर्ज्य धरलंय. खाडीकाठचं अंतर वेगळं मोजतात. कांदळवन तर सर्वांत कडक संरक्षणात येतं. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर तुमचा गट नंबर कुठे पडतो ते बघितल्याशिवाय डिझायनरला पुढचा हप्ता देऊ नका. चिपी-तिवर या कांदळवनातल्या झाडांच्या मुळांनीच तुमचा काठ धरलाय, 'व्ह्यू'साठी एक फांदीही तोडू नका.

आणि दिवे. आपल्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री उजेडाच्या रोखानं चालतात, एरवी तो उजेड समुद्रावरचा असतो. तुमच्या काचेतला झगझगाट त्यांना उलट्या दिशेला ओढेल. दिवे गुडघ्याच्या उंचीवर, पिवळट, झाकलेले आणि तोंड जमिनीकडे केलेले लावा.

आता डिझायनरना जुलैत दोन दिवस बोलवा. अमावास्येच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं तिथे खुंट मारा आणि भर झडीत तासभर उतारावर उभे राहा. दादांना सोबत घ्या. मग घरी येऊन आईंना विचारा, जुन्या घराची पडवी कुठल्या बाजूला होती आणि पावसाआधी आडोशाच्या झडपा कुठे बांधायचे. त्यांचं उत्तर डिझायनरना तिथेच कागदावर काढू द्या.