डोसआधीच्या नमुन्यातच कॅल्शियम-41 चढं येतंय? आधी खोली तपासा

तुम्ही लिहिलंय की स्वयंसेवक बायकांना कॅल्शियम-41 चा (शरीरातल्या कॅल्शियमचा माग काढायला वापरतात ते किरणोत्सारी कॅल्शियम) डोस द्यायच्या आधी घेतलेल्या लघवीतच त्याचं एकूण कॅल्शियमशी गुणोत्तर चढं आलं, आणि गाइड म्हणतात पोटॅशियम राहिलं असेल, ते वेगळं काढणारा कॉलम पुन्हा चालवा. वाचून राहवलं नाही. आम्हीही नेमके इथेच अडकलो होतो, तेही पुण्यातच. एथिक्स, नमुने परदेशी पाठवायच्या परवानग्या वगैरे तुम्ही काढल्याच असतील, त्यात शिरत नाही.

गाइडची शंका रास्त आहे, पोटॅशियम-41 चं वस्तुमान जवळजवळ तेवढंच. पण एएमएसवाल्यांनी (अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे अणू थेट मोजणारं यंत्र) नमुन्यापासून बनवलेल्या कॅल्शियम फ्लोराइडमधून ट्रायफ्लोराइडचा ऋण आयन घेतला असेल, तर पोटॅशियम बहुतेक तिथेच गळतं; उरलेलं पोटॅशियम-39 मोजून वजा करतात. ते काउंट मागवून घ्या. ते कमी असूनही तुमचा रिएजंट ब्लँक (लघवीशिवाय, नुसत्या रसायनांवर तीच प्रक्रिया करून बनवलेला नमुना) वर असेल, तर माझ्या मते डोसच तुमच्या खोलीत फिरतोय.

आमच्याकडे खोल्या देणाऱ्या विभागाने दुसरी खोली नाकारली. डोस पातळ करायचा तोही, आणि लघवीतलं कॅल्शियम वेगळं काढायला ऑक्सलेटचा साका पाडायचा तोही एकाच फ्यूम हुडमध्ये. तक्रार केली की त्या विभागाचे लोक सर्व्हे मीटर (किरणोत्सार मोजायचं हातातलं यंत्र) फिरवून दाखवायचे, "मॅडम, काटा हलत नाही, रूम क्लीन आहे." फाइलवर शेरा: स्वतंत्र कक्षाची आवश्यकता दिसत नाही. यात आमच्या एका अख्ख्या गटाचे डोसआधीचे नमुने बाद झाले. ते परत कुठून आणणार? एकदा डोस घेतला की त्या बाईची डोसआधीची लघवी पुन्हा मिळत नाही. निवृत्त शिक्षिका होत्या, पीएमटीच्या बसने 24 तासांच्या लघवीचे कॅन सांभाळत आणून द्यायच्या. त्याचा राग अजून जात नाही.

काटा हलणार कसा? कॅल्शियम-41 चं अर्धायुष्य साधारण 1 लाख वर्षं. त्यातून बाहेर पडतात ते 3 केईव्हीच्या आसपासचे क्ष-किरण आणि मंद इलेक्ट्रॉन. साध्या काउंटरला ते जवळपास दिसतच नाहीत. आता हिशोब करा. 100 नॅनोक्युरीचा डोस म्हणजे 1 मायक्रोग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम-41. त्याचा एक कोट्यंश भाग सांडला, तर पाऊण तासात सरासरी एक अणू फुटेल. पण तेवढाच भाग 5 मिलिग्रॅम कॅल्शियमच्या नमुन्यात गेला आणि खरं गुणोत्तर 10⁻¹¹ असेल, तर मोजलेला आकडा तिपटीवर जातो. डोसआधीच्या नमुन्याचं तर विचारूच नका. एएमएस अणू फुटायची वाट बघत नाही, अणूच मोजतं. हळदीचा हात निदान दिसतो तरी. एवढ्याशा कॅल्शियम-41 ने माणसाला धोका नाही, हे खरं; पण मीटर शून्य म्हणजे मोजमापासाठी खोली स्वच्छ आहे, असा अर्थ होत नाही, आणि हे लेखी सांगूनही न ऐकणाऱ्या ऑफिसशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आम्ही शेवटी कर्वे रस्त्याजवळच्या एका कॉलेजात, जिथे कॅल्शियम-41 कधी आलंच नव्हतं, अशी जुनी प्रयोगशाळा मागून घेतली. माझं ठाम मत: डोसआधीचे सगळे नमुने फ्लोराइडपर्यंत नेऊन सीलबंद करा, मगच डोसची कुपी आवारात येऊ द्या. डोसनंतरचे नमुने कमी गुणोत्तराकडून जास्तीकडे अशा क्रमाने हाताळा. डोस भरणाऱ्याने नमुन्यांना हात लावायचा नाही, त्याचा एप्रन आणि पिपेटही तिकडे जाता कामा नये. आणि हुड, सेंट्रीफ्यूज, फ्रीजची मूठ स्वच्छ कापडाने पुसून, त्यात साधं कॅल्शियम घालून, त्याचंही फ्लोराइड बनवून मोजायला पाठवा. खर्चिक आहे, पण खोलीचा खरा दाखला तोच.

तुमच्या खोल्यांची रचना मी पाहिलेली नाही, त्यामुळे हे अंतिम समजू नका. नियमांच्या बाबतीत तुमच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरांचाच शब्द धरा. जाता जाता: फ्लोराइडसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरताना कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवा, कुलूपबंद कपाटात नको.

मूळ लघवीचा काही भाग गोठवून ठेवला असेल तर अजून वाचवता येईल. आहे का शिल्लक? रिएजंट ब्लँकचा आणि पोटॅशियम-39 चा आकडा आला की इथे टाका, बघू.