एकाने विचारलंय: प्लॅटिनमचा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ) घ्यायचाय. रोलेक्सची डेटोना, लांगेचं डेटोग्राफ की पाटेक फिलिप? रीसेल कुणाची चांगली? आणि स्टीलसारखाच दिसणार असेल तर एवढे पैसे का घालायचे?

शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो, कारण नेमकं हेच आमचे साडू प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत ऐकवतात. त्यांच्याकडे प्लॅटिनमची डेटोना आहे, मॉडेल ११६५०६, डेटोनाच्या पन्नाशीला २०१३ साली आली ती, डायलभोवती चॉकलेटी सिरॅमिकची कडी (बेझल) असलेली. माझ्याकडे लांगेचं डेटोग्राफ अप/डाउन, तेही प्लॅटिनमच, पण काळी डायल आणि साधा चामडी पट्टा.

त्यांच्याच मुलीच्या साखरपुड्यात, जेवायच्या लाइनीत, व्याह्यांसमोर म्हणाले, "आमच्या साडूंची कमाल आहे, एवढे पैसे मोजले आणि घेतलं काय तर स्टील!" आमचे सासरे म्हणजे नाना, पेशाने सराफ, सगळी हयात काट्यासमोर गेलेली. म्हणाले दोन्ही काढा, आणि एक या तळहातावर, एक त्या तळहातावर. डेटोना अर्थात जड, तिचा पट्टासुद्धा प्लॅटिनमचा, पाव किलोच्या वर जाते. साडू खूश. मी म्हटलं नाना, माझा पट्टा चामड्याचा आहे, हे वजन धरू नका, पण नानांनी तोवर खिशातून भिंग काढलं होतं. डेटोना उलटी केली तर मागे बंद झाकण (काचेची पाठ २०२३ च्या १२६५०६ मॉडेलला आली, यांची आधीची). माझं उलटं केलं आणि बसलेच बघत, जर्मन सिल्व्हरचे (तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचे) मशीनचे भाग धरणारे पूल, एकावर एक चढलेल्या लिव्हर, हाताने कोरलेला बॅलन्स कॉक (डोलणारं चाक धरणारी छोटी पट्टी). मी क्रोनो चालू करून दिला. सेकंदाचा काटा साठावर आला की मिनिटाचा काटा टक्कन पुढच्या खुणेवर उडी मारतो, रांगत नाही. मग चालू असतानाच खालचं बटण दाबायला सांगितलं, काटा शून्यावर, बोट उचललं की लगेच पळायला लागतो, त्याला फ्लायबॅक म्हणतात. फोटोसाठी हाका मारून लोक दमले पण नानांचं बटण दाबणं संपेना. साडू काय म्हणाले? "हे सगळं पाठीमागे आहे हो, बघणार कोण?"

आता बोला.

माझं मत सरळ आहे. चारचौघांनी ओळखावं असं वाटत असेल तर डेटोना घ्या, कारण रोलेक्सने ती सोय करून ठेवलीय, ती बर्फासारखी निळी डायल ते फक्त प्लॅटिनमलाच देतात, म्हणजे साडूंचं प्लॅटिनम कुणी ओळखत नाही, डायल ओळखतात. मशीन म्हणून ती कमी नाही हां, ऑटोमॅटिक, क्रोनो जोडणारा क्लच व्हर्टिकल, त्यामुळे चालू करताना काटा दचकत नाही, ७२ तास चालते. पण मला क्रोनोग्राफ बोटांना कळायला हवा आणि ते सुख डेटोग्राफच्या बटणात आहे. पाटेकमध्ये ५०७०पी या मॉडेलची निळी डायल सुंदर, मशीन लेमानिया या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बेतलेलं, त्यात काही कमीपणा नाही. ५१७०पी चं मशीन त्यांचं स्वतःचं, पण आकड्यांच्या जागी हिरे, मला नाही चालत. पाटेकवाले केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या अंगावर, सहाच्या खाली एकच बारीक हिरा बसवतात प्लॅटिनमची खूण म्हणून, तेवढं पुरे होतं की!

पैसे कशाचे म्हणाल तर धातूचे नाहीतच, गेली कित्येक वर्षं ग्रॅमला सोनंच महाग आहे. प्लॅटिनम चिवट, कापताना हत्याराला चिकटतं, हत्यारं खातं, पॉलिशला वेळ घेतं. आणि ओरखडे पडत नाहीत असं सेल्समनने साडूंना सांगितलंय ते साफ खोटं. पडतात, फक्त धातू झडण्यापेक्षा बाजूला सरकतो. म्हणून कुणाकडूनही बफ मारून (चाकावर घासून पॉलिश करून) घेऊ नका, कडा गोल होतात. साडूंनी साखरपुड्याआधी मारून घेतला होता, लग्स (पट्टा अडकवायचे कान) बघून मला कसंतरी झालं, पण त्यांच्या घरचं कार्य होतं म्हणून गप्प बसलो.

रीसेल राहिलंच. डेटोना पटकन जाते, यात साडू बरोबर आहेत, लांगे सहसा लिस्ट प्राइसच्या खाली विकलं जातं. मग सेकंडहँड घ्या ना, दुसऱ्याने सोसलेला तोटा तुमचा फायदा. नवीन घेतलंत तर दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर दुकानदार १% टीसीएस (विकतानाच गोळा केलेला आगाऊ आयकर) घेतो, रिटर्नमध्ये वळता करून घ्या.

हो, आणि डेटोग्राफचा पाण्यापासून बचाव फक्त ३० मीटरवाला आहे, मुंबईच्या पावसात घालायचं नाही, घामाने पट्टा जातो, चावी हाताने द्यायची, मोठं काम निघालं तर जर्मनीला पाठवून महिनोन्‌महिने वाट बघायची. रोज ऑफिसला एकच घड्याळ घालणार असाल तर मग डेटोनाच घ्या, पण हे मी म्हटलं म्हणून आमच्या साडूंना कुणी सांगू नका.